वाचकांचे प्रश्न: कमरेला लावायचं घोड्याचं पिस्तूल

पिस्तुलांबद्दल बरीच पत्रं आली, बहुतेक अमेरिकेतल्या मराठी वाचकांची, एक कोल्हापूरचं. त्यातली एकाच जातीची या वेळी घेतली आहेत: परवाना काढून, कपड्याखाली झाकून बाळगायचं, आटोपशीर, घोड्याचं पिस्तूल. आधी शब्दांचा घोळ मिटवू. बोटाने ओढतो तो चाप. पिस्तुलाच्या मागे दिसतो आणि चाप ओढल्यावर फायरिंग पिनवर, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या टोकदार कांडीवर, आदळतो तो घोडा. बोलताना अनेक जण चापालाच घोडा म्हणतात आणि मुंबईच्या बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. इथे मात्र घोडा म्हणजे मागचा तो तुकडाच.

प्रश्न: ग्रीन कार्ड आहे. दुकानदार स्ट्रायकरचं पिस्तूल (घोडा नसलेलं, आत स्प्रिंगवरची पिनच गोळीवर आदळते) घ्या म्हणतो, रेंजवरचे मित्र घोड्याचं. 9 मि.मी.मध्ये सीझेड पी-01, सीझेड पी-07 आणि सिग पी229 हातात घेऊन पाहिली. कोणतं घ्यावं? (फ्रिस्को, टेक्सास)

या तिघांतूनच निवडायचं तर आमचं मत पी-07 ला. पण का, ते समजून घ्या. तुमचा हात वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघेल.

ही तिन्ही पिस्तुलं डबल-सिंगल पद्धतीची आहेत. घोडा खाली असताना पहिल्या गोळीला चापच घोडा मागे नेतो आणि सोडतो, ही डबल ॲक्शन. ही ओढ लांब आणि जड असते. सिगचा आकडा 10 पौंडांचा आहे, म्हणजे साधारण साडेचार किलो. पहिली गोळी सुटली की मागे जाणारी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) घोडा उभा करून ठेवते. मग दुसऱ्या गोळीपासून ओढ आखूड आणि हलकी होते, सिगमध्ये 4.4 पौंड, म्हणजे दोन किलोच्या आसपास. स्ट्रायकरच्या पिस्तुलात प्रत्येक ओढ सारखीच असते. शिकायला ते सोपं आहे आणि दुकानदार काही खोटं सांगत नाही.

घोड्याचा खरा फायदा गोळी झाडताना नसतो. तो पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना असतो. कपड्याखाली बाळगणाऱ्यांकडून चुकून गोळी सुटते ती बऱ्याचदा याच क्षणी. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी किंवा होल्स्टरची वाकलेली कड चापाच्या कडीत शिरते आणि माणूस जोर लावून पिस्तूल खाली ढकलतो. घोड्याच्या पिस्तुलावर होल्स्टरमध्ये घालताना अंगठा घोड्याच्या पाठीवर दाबून ठेवायचा असतो. चापात काही अडकलं तर घोडा मागे सरकू लागतो आणि ते अंगठ्याला लगेच कळतं. तिथेच थांबता येतं. ही सवय लावून घ्यायची तयारी नसेल तर लांब पहिली ओढ शिकण्याचे कष्ट कशाला घ्यायचे? स्ट्रायकरचं घ्या.

आता हाताचं माप. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) नजर टाका आणि करंगळी घालूनही पाहा. मग घोडा खाली असू द्या. मूठ अशी धरा की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग चापावर बसला पाहिजे. दुकानात लोक घोडा उभा करून बोट लावून पाहतात. तेव्हा चाप आधीच मागे आलेला असतो, म्हणून सगळ्यांनाच पिस्तूल हाताला बसल्यासारखं वाटतं. घोडा खाली असताना नुसतं बोटाचं टोक पोहोचत असेल तर जड ओढीत नळी बाजूला ढकलली जाणार. मूठ फिरवून बोट पोहोचवलंत तर धक्का अंगठ्याच्या सांध्यावर बसेल.

दुसरी कसोटी, दुकानदाराला विचारून: पुढच्या माशीवर (नळीच्या टोकाशी असलेल्या नेमाच्या खुणेवर) एक डाइम ठेवा आणि डबल ॲक्शनने दहा वेळा चाप ओढा. नाणं दोन-तीनदा पडलं तर सरावाने सुधारेल. दहाच्या दहा वेळा पडलं तर चाप तुमच्या बोटाला जड आहे.

तिघांतला फरक असा. पी-01 ची चौकट ॲल्युमिनियम मिश्रधातूची, मॅगझिन 14 गोळ्यांचं, वजन 800 ग्रॅमच्या आसपास. 2001 मध्ये ते झेक पोलिसांसाठी घेतलं गेलं. मूठ बारीक आहे, लहान हातांना फार छान बसते. पी-07 ची चौकट पॉलिमरची आणि वजन जवळपास तेवढंच. मॅगझिन 15 गोळ्यांचं, मुठीच्या पाठीचे बदलता येणारे तुकडे तीन मापांचे, आणि डिकॉकर (उभा घोडा गोळी न सोडता खाली आणणारी कळ) काढून त्या जागी सेफ्टी बसवणं किंवा उलटं करणं घरी जमतं. पी229 उत्तम आहे, फक्त 975 ग्रॅमच्या घरात जातं. 9 मि.मी.ची भरलेली गोळी साधारण 12 ग्रॅमची. पंधरा गोळ्या घातल्या की सगळं मिळून एक किलोच्या पुढे. ऑफिसात दिवसभर बसणाऱ्याच्या कमरेवर हे ओझं चौथ्या तासाला बोलू लागतं. शिवाय जुन्या आणि नव्या पी229 ची मॅगझिनं एकमेकांत बसत नाहीत. जुनं पिस्तूल घेत असाल तर मॅगझिन कोणत्या पिढीचं हे पावतीवर लिहून घ्या.

एक सावधगिरी. सीझेड 75 कॉम्पॅक्ट नावाचं देखणं पिस्तूल शेजारच्या कपाटात असेल. त्याच्या नेहमीच्या रूपात हाताची सेफ्टी असते, डिकॉकर नसतो. चेंबरमध्ये गोळी असताना घोडा खाली आणायचा तर चाप ओढून, घोडा अंगठ्याने धरून सोडावा लागतो. घोडा उभा ठेवून सेफ्टी लावणार असाल तर ठीक. पहिली गोळी डबल ॲक्शनने मारायची असेल तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही. तसंच, स्पर्धेसाठी बनवलेल्या काही पिस्तुलांत फायरिंग पिन ब्लॉक नसतो. चाप पूर्ण ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊ नये म्हणून असलेला हा अडसर. बाळगायच्या पिस्तुलात तो हवाच.

पैसे वाटून घ्या: पिस्तुलाबरोबर त्याच मॉडेलसाठी बनवलेलं कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर, दीड इंची ताठ पट्टा आणि निदान तीन मॅगझिनं. मऊ कापडाचं 'सगळ्यांना बसणारं' होल्स्टर फुकट मिळालं तरी नको.

प्रश्न: डिकॉकर दाबला की माझ्या पी-01 चा घोडा पूर्ण खाली जात नाही, थोडा वर थांबतो. बिघाड आहे का? मी चाप धरून अंगठ्याने तो हलकेच पूर्ण खाली सोडतो. (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

बिघाड नाही. आणि अंगठ्याने सोडणं आजच बंद करा.

सीझेडचा डिकॉकर घोडा सुरक्षा-खाचेवर आणून ठेवतो. त्याची जागा तीच. तुम्ही चाप धरून घोडा सोडता तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी निसटतात. चाप मागे असल्यामुळे फायरिंग पिन ब्लॉक उघडा असतो, आणि घोडा अडवणारी खाचही बाजूला झालेली असते. गोळी आणि घोडा यांच्यामध्ये उरतो फक्त तुमचा अंगठा, तोही कधी घामाने, कधी तेलाने निसरडा. सिगच्या पिस्तुलांनाही हेच लागू आहे. घोडा खाली आणायचा तो डिकॉकरनेच.

भरण्याचा क्रम पक्का करून टाका. नळी सुरक्षित दिशेला. मॅगझिन घाला, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा, लगेच डिकॉक करा. त्यानंतरच मॅगझिन काढून एक गोळी वाढवा, परत घाला आणि खाली खेचून अडकलं का पाहा. मग अंगठा घोड्यावर ठेवून होल्स्टरमध्ये. गोळ्या झाडल्यावर विसरलं जातं ते नेमकं डिकॉक करणं, कारण घोडा उभा राहिलेला असतो आणि लक्ष निशाण्यावर असतं. म्हणून रेंजवर सलग दहा गोळ्या मारत बसू नका. दोन गोळ्या, डिकॉक, पिस्तूल छातीपाशी. पुन्हा दोन गोळ्या, डिकॉक. जड ओढीवरून हलक्या ओढीवर जाताना दुसरी गोळी खाली किंवा बाजूला जाते, तो दोषही याच सरावाने निघतो.

घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव करताना सीझेडमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे नकली गोळी, घाला. या घराण्यातल्या बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन एका पोकळ पिनेने अडवलेली असते आणि रिकामा घोडा शेकडो वेळा मारला की ती पिन तुटू शकते.

प्रश्न: ओढ हलकी व्हावी म्हणून 13 पौंडांची हॅमर स्प्रिंग बसवली. आता दर मॅगझिनमागे एखादी गोळी फुटत नाही, प्रायमरवर (गोळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) खळगा मात्र पडतो. (ऑस्टिन, टेक्सास)

स्प्रिंग हलकी झाली म्हणजे ओढ हलकी झाली, तसाच घोड्याचा तडाखाही. तोच प्रायमर फोडतो. बऱ्याच पिस्तुलांत डबल ॲक्शनने ओढताना घोडा पूर्ण उभा होण्याच्या किंचित आधीच सुटतो, त्यामुळे पहिल्या गोळीला तडाखा आणखी कमी पडतो. न फुटलेल्या गोळ्या बहुतेक पहिल्याच असतील. मोजून पाहा.

दुसरी बाजू गोळीची. काही कंपन्यांचे प्रायमर कठीण असतात. फेडरलचे मऊ म्हणून ओळखले जातात, म्हणून स्पर्धक हलक्या स्प्रिंगबरोबर तेच वापरतात. घरी भरलेल्या गोळ्यांत प्रायमर पूर्ण तळाशी बसलेला नसेल तर पहिला तडाखा त्याला बसवण्यातच खर्च होतो. फायरिंग पिनच्या बोगद्यात तेल आणि काजळी साचून चिखल झाला असेल तरी असंच होतं. तो बोगदा साफ करून कोरडा ठेवायचा, तेल नको.

उपाय सरळ आहे: कारखान्याची मूळ स्प्रिंग परत बसवा. रेंजवर मजा म्हणून हलकी स्प्रिंग चालेल, कमरेच्या पिस्तुलात नाही. ओढीतला खरखरीतपणा स्नॅप कॅपवर हजारभर वेळा चाप ओढूनही बराच जातो. तरीही मधली स्प्रिंग हवीच असेल, तर तुम्ही बाळगता त्याच गोळ्यांच्या शंभर डबल ॲक्शनने मारा. एकही चुकली तर उत्तर मिळालं.

रेंजवर न फुटलेली गोळी लगेच बाहेर काढू नका. नळी समोरच ठेवून 30 सेकंद थांबा, उशिरा फुटणारी असू शकते. 'डबल ॲक्शनमध्ये पुन्हा चाप ओढला की झालं' असं कौतुक ऐकू येतं. आम्हाला ते फार पटत नाही. जिवावर बेतलेल्या वेळी मॅगझिनच्या बुडाला थाप आणि स्लाइड मागे, हीच सवय बहुतेक अडथळ्यांवर चालते.

प्रश्न: वय 58, बोटांना संधिवात. कोणत्याच पिस्तुलाची स्लाइड मागे येत नाही. रिव्हॉल्व्हरच घ्यावं का? (पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

आधी पद्धत बदलून पाहा. घोड्याच्या पिस्तुलात स्लाइड मागे येताना घोड्याची स्प्रिंगही दाबत येते. म्हणून रिकाम्या चेंबरवर आधी अंगठ्याने घोडा उभा करा आणि मग स्लाइड ओढा. निम्मं कोडं इथेच सुटतं. स्लाइड चिमटीत धरू नका, चारही बोटं वरून टाकून तळव्याशी आवळा. पिस्तूल पोटाजवळ घ्या, नळी पुढे, आणि स्लाइड ओढण्यापेक्षा दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकला. खांद्याचा जोर कामाला येतो, बोटांचा कमी लागतो.

सीझेड तुम्ही टाळा. त्यांची स्लाइड चौकटीच्या आत चालते, पकडायला जागाच थोडी. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी मालिका नेमकी या अडचणीसाठी बनवलेली आहे, .380 आणि 9 मि.मी. या दोन्ही मापांच्या गोळ्यांत. बाहेरून दिसत नसला तरी आत घोडाच आहे. मॅगझिन 8 गोळ्यांचं आणि मुठीच्या मागे सेफ्टी, जी नीट आवळली तरच सुटते. दुखऱ्या हाताने ती नीट दबते का हे दुकानात पाहाच. जुनं 9 मि.मी. ईझी घेत असाल तर मार्च ते ऑक्टोबर 2020 मधल्या उत्पादनाबद्दल कंपनीने घोडा बदलून देण्याची सूचना काढली होती. अनुक्रमांक तपासून घ्या. बेरेटाच्या टॉमकॅटमध्ये नळीचं मागचं टोक वर उघडतं आणि पहिली गोळी थेट नळीत घालता येते, स्लाइडला हातही लावावा लागत नाही. पण ती .32, ताकद कमी. रिव्हॉल्व्हरची जड ओढ संधिवाताच्या बोटाला सोपी नसते, तेव्हा तिकडे घाईने वळू नका.

प्रश्न: मी एच-1बी वर, पत्नी एच-4 वर, तिच्याकडे कामाची परवानगी आहे. घरासाठी पिस्तूल घेता येईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. केंद्रीय कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. कामाच्या परवानगीने व्हिसाची जात बदलत नाही. शिकारीचा वैध परवाना असल्यास अपवाद आहे. त्याच्या आधाराने पिस्तूल घ्यायचा विचार असेल तर आधी वकील गाठा. चूक झाली तर खटला आणि व्हिसा दोन्ही गळ्यात येतात.

घरात एकजण नागरिक किंवा ग्रीन कार्डवर आणि दुसरा व्हिसावर असेल तर शस्त्र कुलपात ठेवा आणि किल्ली किंवा आकडा व्हिसावरच्या माणसाकडे नको. हातात न घेताही 'ताबा' सिद्ध होऊ शकतो. पुढे कार्ड मिळालं आणि न्यू जर्सीतच राहिलात तर मॅगझिन 10 गोळ्यांचंच चालतं, आणि पोकळ नाकाच्या गोळ्या घेऊन बाहेर फिरता येत नाही. हॉर्नेडी क्रिटिकल डिफेन्ससारख्या, टोकात पॉलिमर भरलेल्या गोळ्या तिथल्या राज्य पोलिसांच्या मते त्या बंदीत येत नाहीत.

प्रश्न: टेक्सासमध्ये 2021 पासून परवान्याशिवाय बाळगता येतं. मग परवाना कशाला? गणपतीला मंडळाच्या कार्यक्रमात चालेल का? (केटी, टेक्सास)

मंडळांचे कार्यक्रम बहुतेक हायस्कूलच्या सभागृहात असतात, आणि प्रश्न तिथेच आहे. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, परवाना असो वा नसो, रविवार असला तरी. त्यापलीकडे केंद्रीय कायद्याने शाळेच्या आवारापासून 1000 फुटांत बंदूक बाळगायला मनाई आहे. त्यातून सूट मिळते ती त्याच राज्याचा परवाना असलेल्याला. विनापरवाना बाळगणाऱ्याला तो अपवाद लागू होत नाही, आणि गावात गाडी चालवताना हजार फूट कधी ओलांडले हे कळतही नाही. एवढ्या एका कारणासाठीही परवाना काढा. पिस्तूल आत आणू नका असं सांगणारे फलक राज्याच्या दंडसंहितेतल्या कलमांच्या नावाने ओळखले जातात: दारावरचा 30.05 चा फलक विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी, 30.06 चा परवानाधारकांसाठी. देवळाच्या दारावरही ते वाचा.

कार्यक्रमाच्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीतच बरं. गाडीत ठेवावंच लागलं तर सीटच्या सांगाड्याला तारेने बांधलेली कुलपाची पेटी हवी. पिस्तूल होल्स्टरसकट काढून आत ठेवा. गाडीत बसून नुसतं पिस्तूल काढत-घालत बसणं हे अपघाताला आमंत्रण.

प्रश्न: विमानाने नेताना? आणि भारतात सुट्टीला नेता येईल? (सिएटल)

देशांतर्गत प्रवासात: रिकामं, कडक आणि कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. उतरता त्या राज्याचा कायदा लागू होतो. वाटेत नेवार्क किंवा न्यूयॉर्क असेल आणि विमान चुकल्यामुळे ते तुमची बॅग परत देऊ लागले, तर घेऊ नका. ती विमान कंपनीकडेच राहू द्या. 2005 मध्ये नेवार्कला असं अडकलेल्या प्रवाशाने बॅग घेऊन हॉटेलात रात्र काढली आणि सकाळी अटक झाली. त्याच्या दाव्यात 2010 मध्ये अपील न्यायालयानेही त्याला दिलासा दिला नाही.

भारतात: नाही. पिस्तूल तर नाहीच, पण रेंजवर जाणारी बॅग प्रवासाला वापरू नका. तळाच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायला पुरतं. 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर वकील आणि हेलपाटे चुकत नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे परवाना आहे. यातलं कोणतं पिस्तूल इथे मिळेल? (कोल्हापूर)

9 मि.मी. भारतात सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे वरची सीझेड आणि सिग विसरा. तुमच्या आवाक्यातलं .32. उदाहरणार्थ, सरकारी कारखान्याचं अशनी आहे किंवा जुनी परदेशी पिस्तुलं आहेत. 1980च्या दशकात आयात बंद झाल्यापासून त्या जुन्यांचे भाव अवाच्या सवा असतात. .32 मधलं वॉल्थर पीपीके, मूळ 1931 चं, हे आटोपशीर घोड्याच्या पिस्तुलाचं जुनं खानदान. मॅगझिन 7 गोळ्यांचं, पहिली ओढ फार जड, स्लाइडवरची सेफ्टीच घोडा खाली आणते. मूठ फार वर धरली तर मागे येणारी स्लाइड अंगठ्याखालची कातडी सोलते. घेताना नळीच्या आत उजेडात पाहा. शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून रिकॉइल स्प्रिंग आणि सेफ्टी तपासून घ्या. चेंबर रिकामं असताना घोडा उभा करून सेफ्टी लावली की घोडा पडला पाहिजे, आणि त्यानंतर चाप ओढून काही होता कामा नये. मॅगझिन मूळ आहे का तेही पाहा. नकली मॅगझिनच्या ओठांत गोळी तिरकी बसते.

2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं, आणि परवाना पाच वर्षांचा. बाहेर नेताना पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुका लागल्या की ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. जमा करताना अनुक्रमांकासह पोच घ्या आणि गोळ्यांची संख्या तीत लिहून घ्या.

प्रश्न: रोज रात्री पिस्तूल रिकामं करतो, सकाळी तीच गोळी चेंबरमध्ये घालतो. काही बिघडतं का? (शिकागो)

बिघडतं. प्रत्येक वेळी गोळीचं टोक चेंबरच्या उतारावर आपटतं आणि शिसं पुंगळीत थोडं थोडं आत सरकतं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. त्याच खोक्यातली नवी गोळी शेजारी उभी करून उंची ताडून पाहा. नुसत्या डोळ्याला फरक दिसला तर ती गोळी बाद. चेंबरमधून काढलेली गोळी मॅगझिनच्या तळाशी घालून पाळी बदलत राहा, आणि रोज रिकामं करण्याऐवजी पिस्तूल होल्स्टरसकट तिजोरीत ठेवता आलं तर सर्वांत उत्तम.